वाळ्याचे बेट : विस्तार, वय आणि मुळाचा गुण

ग्रीष्म ऋतू लागला की नागपुरातील वैद्यास उशीराचे स्मरण करून द्यावे लागत नाही. २३ मे २०१३ रोजी या नगरीने ४७.९ अंश सेल्सिअस तापमान अनुभवले. असा दिवस नेहमी येत नसला, तरी दाह, तृष्णा, मूत्रकृच्छ्र आणि नासागत रक्तपित्त यांचे रुग्ण चैत्रापासूनच चिकित्सालयात येऊ लागतात. षडंगपानीयाची भरड व उशीरासव यांची मागणी मृगाच्या पहिल्या सरीपर्यंत टिकून असते. या कल्पांत पडणारे उशीर कोणत्या वयाच्या बेटाचे आहे, याची विचारपूस मात्र आपण क्वचितच करतो. आम्हीही करीत नव्हतो. प्रस्तुत लेखाचे निमित्त आमची स्वतःचीच एक चूक आहे.

आमच्या औषधालयाच्या आवारात, पाण्याच्या टाकीतून सांडणारे पाणी जिरते त्या जागी, आम्ही वाळ्याचे चार ठोंब लावले होते. दोन पावसाळ्यांत त्यांचे डौलदार बेट झाले. येणारे-जाणारे कौतुक करीत आणि आम्हीही त्यास हात लावीत नसू. जितके बेट मोठे तितके मूळ अधिक, आणि जितके मूळ जुने तितके ते वीर्यवान, अशी आमची समजूत होती. सहा वर्षांत त्याची पात पुरुषभर उंचीच्या वर गेली, घेर वाटेवर आला आणि फाटक उघडणे कठीण होऊन बसले.

त्याच सुमारास बाजारातून घेतलेल्या वाळ्याची एक खेप आमच्या पदरी आली. रंग व लांबी यथास्थित होती. परंतु पाण्यात रात्रभर भिजवूनही गंध येईना. तेल आधीच काढून घेतलेली मुळे दिसावयास फारशी वेगळी नसतात. विक्रेत्याकडून समाधानकारक उत्तर मिळाले नाही. तेव्हा घरचे बेट खणावे, असे आम्ही ठरविले.

दोन गडी, पहार आणि टिकाव यांना पुरा दिवस लागला. बेटाचा मध्यभाग पोकळ होता. त्यात वाळलेल्या काड्या आणि वाळवीची माती यांखेरीज काही नव्हते. गाभ्याखालील मुळे जाड, काष्ठमय व काळपट झाली होती आणि चुरडली असता केवळ मातीचा वास येई. बाहेरच्या कड्यातील नव्या फुटव्यांची मुळे तेवढी बारीक, पिवळसर आणि सुगंधी निघाली. एवढ्या मोठ्या बेटातून औषधास योग्य असे द्रव्य एका लहान टोपलीतही पुरते भरले नाही. त्या उन्हाळ्यात षडंगपानीयाची भरड आम्ही विकली नाही. जे रुग्ण तीसाठी परत आले, त्यांना तसे सांगावे लागले.

असे का घडते, हे या वनस्पतीची वाढण्याची रीत पाहिली म्हणजे ध्यानी येते. वीरण हे बहुवर्षायु तृण असून त्याचे मूळ म्हणजे उशीर, असे भावप्रकाशकार सांगतात. वनस्पतिशास्त्रात पूर्वी यास व्हेटिव्हेरिया झिझानिऑइडिस म्हणत, आता क्रायसोपोगॉन झिझानिऑइडिस म्हणतात. हे तृण दूर्वेप्रमाणे धावत नाही. जमिनीलगतच्या गड्ड्यातून ते बाहेरच्या बाजूस फुटवे काढीत जाते. त्यामुळे तरुण भाग सदैव कडेला राहतो आणि म्हातारा भाग मधोमध अडकतो. मध्यास ऊन मिळत नाही, तेथील काड्या जागीच मरतात व मृत काडीवर वाळवी येते. मुळे मात्र सरळ खाली जातात. मोकळ्या जमिनीत ती दोन-तीन मीटरही उतरतात. बेटाचा घेर हा म्हणून मुळाच्या गुणाचा पुरावा नव्हे.

बांधावरील वाळ्याची कथा निराळी आहे. कर्नाटकातील गुंडलुपेट परिसरातील शेतकरी पिढ्यान्पिढ्या शेताच्या सीमेवर वाळा राखीत आले आहेत. १९८० च्या दशकात जागतिक बँकेच्या तज्ज्ञांनी भारतात मृदसंधारणासाठी याच तृणाचा पुरस्कार केला. पुढे १९९३ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. तेथे बेटे एकमेकांस भिडून भिंत व्हावी आणि अनेक वर्षे जागची हलू नये, हाच हेतू असतो. आपणांस मूळ हवे असते, म्हणजे बेट उपटावेच लागते. एकाच ओळीकडून ही दोन्ही कामे होत नाहीत. नाल्याकाठचा वाळा खणून आणण्याची प्रथा आम्हांस यासाठीच अनुचित वाटते; मूळ हाती येते, पण काठ पुढच्या पुरात जातो.

आता निगेविषयी. लागवडीपूर्वी जात पाहावी. उत्तर भारतातील रानटी वाळा फुलतो आणि बी धरतो, तर दक्षिणेकडील लागवडीचा वाळा सहसा बी धरीत नाही. औषधालयाच्या आवारात दुसराच बरा, कारण तो लावलेल्या जागेबाहेर पसरत नाही. लखनौच्या केंद्रीय औषधी व सुगंधी वनस्पती संस्थेने धारिणी, गुलाबी, केसरी, सिम-वृद्धी इत्यादी वाण दिले आहेत. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचे नागार्जुन वनौषधी उद्यान विदर्भातील वैद्यांस जवळचे आहे. तेथे एकदा जाऊन यावे.

आपल्याकडील काळी कापसाची जमीन ही खरी अडचण आहे. वाळा तीत उत्तम जगतो, पाणी साचले तरी मरत नाही. परंतु खणताना चिकण माती मुळांस सोडीत नाही आणि निम्मी मुळे तुटून आत राहतात. वाळू व कुजलेले शेणखत मिसळून हात-दीड हात उंचीचे वरंबे करावेत, म्हणजे खणणे सुसह्य होते. ज्यांच्याकडे जमीन नाही त्यांनी तळास छिद्रे पाडलेल्या पिंपात लावण्यास हरकत नाही. मात्र पिंपातील बेट लवकर दाटते आणि मुळे भिंतीशी गुंडाळू लागतात, म्हणून ते दीड वर्षांहून अधिक ठेवू नये.

ठोंब आषाढात लावावेत. प्रत्येक ठोंबात दोन-तीन फुटवे असावेत. पात वीतभर व जुनी मुळे चार बोटे ठेवून बाकी छाटावी. दोन ओळींत दोन फूट आणि ओळीतील दोन ठोंबांत एक ते दीड फूट अंतर पुरे होते. पाऊस ओढला तर पहिले काही आठवडे पाणी चुकवू नये.

पहिली छाटणी चार महिन्यांनी, फुटवे धरल्यावर, जमिनीपासून एक ते सव्वा फुटावर करावी. छाटणीने फुटवे वाढतात व मध्यास ऊन पोहोचते. दुसरी छाटणी पुढील मृगाच्या तोंडावर करावी. याहून अधिक वेळा छाटण्याचा मोह अनेकांस होतो, कारण छाटलेले बेट नीटनेटके दिसते. परंतु मुळाचे पोषण पातीनेच व्हावयाचे आहे; वारंवार छाटलेले बेट बांधास चालेल, औषधास चालणार नाही. छाटलेली पात आच्छादनास उपयोगी पडते आणि कोवळी असेल तर जनावरे खातात. काही ठिकाणी शेतकरी जुने बेट पेटवून देतात आणि गड्डा जमिनीत सुरक्षित राहिल्याने ते पुन्हा फुटतेही. शहरी आवारात मात्र हा प्रयोग कोणी करू नये.

खणण्याचा काळ पंधरा ते अठरा महिन्यांचा. आषाढात लावलेले बेट पुढच्या वर्षीच्या मार्गशीर्ष-पौषात या वयास येते, आणि तेव्हा जमीनही कोरडी असते. त्याआधी मूळ कोवळे व तेल हलके असते. दोन वर्षे उलटली की मूळ जाड व काष्ठमय होऊ लागते. एका बेटामागे वाळलेले मूळ मूठ-दोन मुठीच मिळते, हे आधीच समजून असावे. दरवर्षी ताजा माल हवा असल्यास दोन तुकडे करून ते एकाआड एक वर्षी लावावेत. खणलेला गड्डा टाकू नये. त्याच्या कडेचे फुटवे फोडून पिशव्यांत किंवा ओल्या वाफ्यात आषाढापर्यंत जगवावेत. मधला भाग मात्र निर्दयपणे फेकून द्यावा. ठोंबांसाठी राखलेली मातृबेटेही दर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी फोडावी लागतात, नाहीतर आमच्यासारखी पहार घेण्याची पाळी येते.

येथे एक विषयांतर आवश्यक वाटते. चरकोक्त दाहप्रशमन दशेमानीत उशीर आणि ह्रीबेर अशी दोन स्वतंत्र नावे आहेत. षडंगपानीयातही उशीर व उदीच्य वेगळी सांगितली आहेत. मराठीत दोहोंस वाळाच म्हणतात. एक पिवळा, दुसरा काळा. ह्रीबेराच्या वनस्पतीविषयी मतभेद आहेत. परंतु त्यामुळे एकच मूळ दोनदा घालून सहा द्रव्ये पूर्ण झाली असे मानता येत नाही. कूलरच्या जाळीत भरण्याची पांढरी लाकडी लोकर कित्येकदा खस या नावाने विकली जाते, तिचा तर वाळ्याशी काहीच संबंध नाही.

खणलेली मुळे वाहत्या पाण्यात धुवावीत, पाण्यात भिजत ठेवू नयेत. दोन बोटे लांबीचे तुकडे करून सावलीत पसरावेत. उन्हात वाळविल्यास गंध उडतो. मोडताना कट्कन आवाज आला म्हणजे ती वाळली असे समजावे. घट्ट झाकणाच्या डब्यात भरून त्यावर लागवडीचा व खणण्याचा महिना लिहावा. आमच्या औषधालयात आता हा डबा बाजारच्या मालापासून वेगळ्या फळीवर असतो, आणि भरड करण्यापूर्वी प्रत्येक खेपेतील चिमूटभर मूळ कोमट पाण्यात टाकून गंध पाहिला जातो. फाटकाजवळच्या जागेवर सध्या दहा बेटांची एक ओळ आहे. तिची दुसरी छाटणी झाली असून ती येत्या पौषात खणावयाची आहे.