कारखान्यांच्या हिशेबाचे स्थलांतर

पुणे - चाकण, भोसरी आणि पिंपरी-चिंचवड पट्ट्यातील अनेक कारखान्यांचा कच्च्या मालापासून गाडी फाटकाबाहेर पडेपर्यंतचा हिशेब 'सॅप' या जर्मन कंपनीच्या संगणक प्रणालीवर चालतो. या प्रणालीच्या जुन्या आवृत्तीची नेहमीची देखभाल २०२७ अखेर थांबणार आहे. जादा शुल्क मोजणाऱ्यांना २०३० पर्यंत मुदत मिळेल. नवी आवृत्ती मात्र 'हाना' या एकाच डेटाबेसवर चालते. त्यामुळे वर्षानुवर्षांच्या नोंदी तेथे हलविण्यावाचून गत्यंतर नाही.

'हाना'चे वेगळेपण काय?

पारंपरिक डेटाबेस माहिती डिस्कवर ठेवतो आणि लागेल तेवढीच मेमरीत आणतो. २०१० मध्ये जाहीर झालेला 'हाना' कामाची माहिती मेमरीतच ठेवतो आणि ती मुख्यतः ओळींऐवजी रकान्यांनी मांडतो. वर्षाच्या विक्रीची बेरीज हवी असेल, तर वहीचे पान न् पान न उलटता फक्त रकमेचा रकाना वाचायचा, असा हा प्रकार. वीज गेल्यास मेमरी पुसली जाते, ही शंका रास्तच आहे. म्हणून व्यवहार पक्का होतानाच त्याची नोंद डिस्कवरील 'लॉग'मध्ये होते; शिवाय सर्वसाधारणपणे दर पाच मिनिटांनी मेमरीतील बदल डिस्कवर उतरविले जातात.

काम न थांबविता नक्कल

खरी कसोटी स्थलांतराच्या वेळी लागते. प्रणाली बंद असताना बीजके निघत नाहीत, ई-वे बिले हाताने करावी लागतात आणि मालाने भरलेले ट्रक खोळंबतात. या भागातील अनेक कारखान्यांना गुरुवारची साप्ताहिक सुटी असते. पण कोट्यवधी नोंदींना एक गुरुवार पुरत नाही.

यावर उपाय म्हणजे 'रेप्लिकेशन'. जुन्या डेटाबेसमधील मोठ्या कोष्टकांवर 'ट्रिगर' बसविले जातात. आधी संपूर्ण कोष्टकाची नक्कल सुरू होते. त्या काळात एखादी नोंद बदलली, की ट्रिगर तिचा ओळखक्रमांक वेगळ्या यादीत टिपतो. मग त्या यादीनुसार तेवढ्याच नोंदी पुन्हा पाठविल्या जातात. प्रत्यक्ष बंदच्या काळात उरतो तो शेवटचा थोडा फरक. अर्थात ट्रिगरचा भार जुन्या यंत्रणेवरच पडतो. महिनाअखेरीच्या घाईत तो टाकणे शहाणपणाचे नाही.

नक्कल हुबेहूब झाली तरी काम संपत नाही. नव्या आवृत्तीत ग्राहक आणि पुरवठादार यांची स्वतंत्र खाती 'बिझनेस पार्टनर' या एकाच नोंदीखाली आणावी लागतात. भोसरीतील एखादा लघुउद्योजक कारखान्याला सुटे भाग पुरवितो आणि त्याच कारखान्याकडून भंगारही घेतो. त्याचे नाव एकीकडे 'प्रा. लि.', दुसरीकडे 'प्रायव्हेट लिमिटेड' असे असते. कुठे जीएसटी क्रमांकच नसतो. संगणकाच्या लेखी हे दोघे निराळे. अशा जोड्या लावण्याचे किचकट काम शेवटी लेखा आणि खरेदी विभागातील जुन्या जाणत्यांवर येते. त्यासाठी वेळ राखून न ठेवणे, ही नियोजनातील मोठी चूक ठरते.

सारेच जुने हलवायचे का, हाही प्रश्न असतो. मेमरी डिस्कपेक्षा महाग असल्याने बंद पडलेल्या भागांच्या नोंदी मागे ठेवण्याकडे कल असतो. मात्र कंपनी कायदा २०१३ नुसार हिशेबाची पुस्तके किमान आठ आर्थिक वर्षे जपावी लागतात. त्यामुळे मागे राहिलेल्या नोंदी वाचता येतील, अशी सोय जुनी यंत्रणा बंद करण्यापूर्वीच करावी लागते.