तंबूला भाडे नाही
सायकलवरून दूरच्या प्रवासाला निघणाऱ्याच्या खिशाला खरी कात्री लागते ती रात्रीच्या मुक्कामामुळे. नॉर्वेसारख्या महागड्या देशात मात्र कायदाच त्याच्या मदतीला धावून येतो. १९५७च्या कायद्यानुसार तेथे लागवडीखाली नसलेल्या मोकळ्या जमिनीवर, ती खासगी असली तरी, कोणालाही विनाशुल्क तंबू ठोकता येतो. तंबू राहत्या घरापासून किमान १५० मीटर दूर हवा. वस्तीजवळ मालकाच्या परवानगीविना दोन दिवसांहून अधिक राहता येत नाही. शेते, अंगणे यांत ही मुभा नाही. १५ एप्रिल ते १५ सप्टेंबर या काळात जंगलात वा जंगलालगत शेकोटी पेटवण्यास सर्वसाधारण बंदी असते. जागा सोडताना कचराही सोबत न्यावा लागतो. पाहुण्यांनी ही शिस्त पाळली, तरच यजमानांचे औदार्य टिकेल.