आधी विचारायचं नाही

पुण्यातल्या एका उपचार केंद्रात साडेचार वर्षांचा स्वमग्न मुलगा बुटक्या खुर्चीत बसला होता. समोरच्या ताईच्या मुठीत चकलीचे तुकडे, टेबलावर चकलीचं लॅमिनेट केलेलं चित्र. तुकडे नखाएवढेच, कारण अख्खी चकली दिली तर तो ती खात बसेल आणि पुन्हा मागायचं कारणच उरणार नाही.

माझं लक्ष मात्र त्याच्या पाठीमागे बसलेल्या दुसऱ्या ताईकडे जात होतं. ती पूर्ण वेळ एक शब्द बोलली नाही. मुलाचा हात चकलीकडे झेपावला की ती तोच हात धरून चित्राकडे वळवायची आणि ते समोर पसरलेल्या तळव्यावर ठेवायला लावायची. चित्र पडताक्षणी समोरची ताई म्हणे, "चकली!" आणि तुकडा त्याच्या हातात. मागचा आधार हळूहळू सुटत गेला. शेवटी शेवटी कोपराला नुसता स्पर्श पुरला.

या पद्धतीला पेक्स म्हणतात. अँडी बाँडी आणि लोरी फ्रॉस्ट यांनी ती १९८५ मध्ये अमेरिकेतल्या डेलावेअरमध्ये तयार केली. पुढे ताई लांब जाऊन उभी राहते, पाठही फिरवते. मुलाने उठून तिला गाठायचं. मग दोन चित्रांतून निवड, मग चित्रांचं वाक्य. 'काय हवं?' हा प्रश्न थेट पाचव्या टप्प्यात येतो. आधीच विचारत गेलं तर मूल प्रश्नाची वाट पाहायला शिकतं, आपणहून मागायला नाही. आपल्या घरांत हे फार जड जातं. 'बोल ना, सांग आजीला' असं म्हटल्याशिवाय आपल्याला पाच मिनिटं राहवत नाही.

पेक्स ज्या वर्तनोपचारांच्या परंपरेतून आली, तिचा इतिहास मात्र इतका मवाळ नाही. इव्हार लोव्हास यांच्या १९८७ च्या गाजलेल्या अभ्यासात १९ मुलांना आठवड्याला सुमारे ४० तास शिकवलं गेलं. त्यांतली ९ इतर मुलांसारखी शाळेत जाऊ लागली, पण नको त्या वागण्यावर दरडावणं आणि मांडीवर चापट हाही त्या पद्धतीचा भाग होता. अशा उपचारांतून गेलेल्या अनेक स्वमग्न प्रौढांनी पुढे त्यावर कडक टीका केली. मला ती पटते. हात फडफडवून मूल शांत होत असेल आणि कुणाला इजा होत नसेल, तर ते थांबवण्यात आपली लाज झाकण्यापलीकडे काय साधतं? मागायला शिकवणं वेगळं. मागता आलं की हवं ते मिळवायला डोकं आपटण्याची गरजही बरेचदा कमी होते.

चित्रांची सवय लागली की मूल बोलणारच नाही, ही भीती पालक हमखास बोलून दाखवतात. आजवरच्या अभ्यासांतून तसं दिसलेलं नाही. काही मुलांचं बोलणं वाढलेलंही आढळलं आहे. तेव्हा नात्यातल्या एखाद्या मुलाने तुमच्या हातात पाण्याच्या पेल्याचं चित्र ठेवलं, तर 'तोंडाने सांग' म्हणून अडवू नका. पाणी द्या.