रुग्णरजेचा दाखला : वैद्याचा अधिकार आणि उत्तरदायित्व

काही वर्षांपूर्वी आमच्या चिकित्सालयात एका शासकीय कार्यालयातील लिपिक गृध्रसीची चिकित्सा घेण्यासाठी आले होते. डाव्या पायातील वेदनेमुळे त्यांना खुर्चीवर घटकाभरही बसवत नव्हते. आम्ही त्यांना योगबस्तिक्रम दिला. आठ दिवसांत आठ बस्ती पूर्ण झाले आणि पुढे सोळा दिवस परिहारकाल पाळावयास सांगितला. रुग्णास उत्तम उपशय मिळाला. जाताना त्यांनी रजेसाठी दाखला मागितला. आम्ही घाईत चिठ्ठीच्या कागदावर लिहून दिले : “गृध्रसीने पीडित, बस्तिचिकित्सा दिली, विश्रांती आवश्यक.” खाली सही केली. विश्रांती किती दिवस, ती कशासाठी, यांपैकी एक अक्षरही त्यात नव्हते.

कार्यालयाने हिशेब केला. बस्तीच्या पावत्या आठ दिवसांच्या आणि गैरहजेरी मात्र चोवीस दिवसांची. दुसऱ्या वैद्यकीय मतासाठी त्यांना जिल्हा शल्यचिकित्सकांकडे पाठविण्यात आले. तोवर पाय मोकळा झाला होता, त्यामुळे तपासणीत काहीच आढळले नाही. अर्धवेतनी रजा खात्यावर शिल्लक असतानाही उरलेले सोळा दिवस बिनपगारी असाधारण रजेत गेले. महिन्याभराने ते भेटले तेव्हा एवढेच म्हणाले, “वैद्यराज, तुमच्या औषधाने पाय सुटला, पण तुमच्या कागदाने पगार अडकला.”

त्यात कार्यालयाची चूक नव्हती. चूक आमची होती. ती पुन्हा आमच्याकडून वा आपल्यापैकी कोणाकडून होऊ नये, म्हणून हा लेखप्रपंच.

हा अधिकार आयता मिळालेला नाही

मुंबई इलाख्यात १९१२ च्या वैद्यक कायद्याने केवळ पाश्चात्त्य वैद्यकाच्या व्यावसायिकांची नोंदणी सुरू केली आणि वैद्य त्या नोंदवहीबाहेर राहिले. १९३८ च्या मुंबई वैद्यक व्यवसायी कायद्याने वैद्य-हकिमांच्या नोंदणीचा मार्ग खुला केला. पुढे महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी अधिनियम, १९६१ आला. १९७० च्या भारतीय चिकित्सा केंद्रीय परिषद अधिनियमाने नोंदणीकृत वैद्यास आजारपणाचा वा निरोगित्वाचा दाखला देण्याचा आणि न्यायालयात तज्ज्ञ म्हणून साक्ष देण्याचा अधिकार स्पष्ट शब्दांत दिला. भारतीय चिकित्सा पद्धती राष्ट्रीय आयोग अधिनियम, २०२० ने १९७० च्या कायद्याची जागा घेतली, तरी नोंदणीकृत व्यावसायिकाचा हा अधिकार अबाधित राहिला आहे. आपल्या पूर्वसूरींनी ज्यासाठी काही दशके झगडा केला, तो अधिकार आज आपण चिठ्ठीच्या कागदावर चार शब्दांत उरकतो, याचा विचार व्हावयास हवा.

रजेचे नियम काय मागतात?

केंद्रीय कर्मचाऱ्यांस १९७२ चे आणि महाराष्ट्र शासनाच्या कर्मचाऱ्यांस १९८१ चे रजा नियम लागू आहेत. रजा हा हक्क म्हणून मागता येत नाही, हे दोहोंतील मूलतत्त्व. आजारपणासाठी प्रामुख्याने उपयोगी पडते ती अर्धवेतनी रजा. ती वर्षाला २० दिवस खात्यावर जमा होते. वैद्यकीय दाखला असल्यास तीच परिवर्तित रजा म्हणून पूर्ण वेतनावर घेता येते, मात्र एका दिवसापोटी दोन दिवस खर्ची पडतात. खाते रिकामे असल्यास संपूर्ण सेवेत ३६० दिवसांच्या मर्यादेत अनर्जित रजेची सोय आहे. तेही संपल्यास असाधारण रजा, म्हणजे वेतन नाही. यावरून एक गोष्ट ध्यानात यावी. पूर्ण वेतन, अर्धे वेतन आणि शून्य वेतन यांमधील अंतर पुष्कळदा आपल्या एका कागदावर अवलंबून असते.

या नियमांतील एक शब्दयोजना प्रत्येक वैद्याने लक्षात ठेवण्याजोगी आहे. दाखल्यात आजाराचे स्वरूप आणि त्याचा संभाव्य कालावधी शक्य तितक्या स्पष्टपणे नमूद असावा, असे नियम सांगतात. आमच्या दाखल्यात नेमका हा दुसरा भाग नव्हता. शंका आल्यास सक्षम अधिकारी दुसरे वैद्यकीय मत मागवू शकतो. दाखला मिळाला म्हणजे रजा मिळाली, असेही नाही. मंजुरीचा निर्णय सक्षम अधिकाऱ्याचाच. कोणाचा दाखला ग्राह्य हे कर्मचाऱ्याच्या दर्जानुसार व ठिकाणानुसार बदलते. राजपत्रित अधिकाऱ्यास बहुधा प्राधिकृत वैद्यकीय अधिकाऱ्याचाच दाखला लागतो. म्हणून लेखणी उचलण्यापूर्वी रुग्णास त्याचा हुद्दा आणि कार्यालयाचा विहित नमुना विचारून घ्यावा.

सैनिकाची रजा आणि रुग्णाची रजा

येथे एक तुलना उद्बोधक ठरेल. प्रादेशिक सेनेत दाखल झालेला नागरी कर्मचारी सैन्यसेवेसाठी बोलावला जातो तेव्हा त्याच्या हाती लष्कराचा आदेश असतो. प्रादेशिक सेना अधिनियम, १९४८ च्या कलम ७ नुसार सेवा संपल्यावर त्याला पूर्वीच्या नोकरीत परत घेणे हे मालकाचे कर्तव्य आहे, आणि तेही सेवेत खंड पडला नसता तर लागू झाल्या असत्या त्यांहून कमी अनुकूल नसलेल्या अटींवर. तो का गेला, किती दिवस गेला, याविषयी कोणी संशय घेत नाही. आजारी कर्मचाऱ्याची स्थिती याउलट. त्याची वेदना कोणाला दिसत नाही आणि त्याच्यामागे कोणताही आदेश उभा नसतो. त्याच्या बाजूने बोलणारा एकच कागद असतो आणि तो आपण लिहिलेला असतो. तो कागद मुका राहिला तर रुग्ण उघडा पडतो.

कालावधी शास्त्रात आहे, तो दाखल्यात यावा

संभाव्य कालावधी लिहिणे वैद्यास अवघड वाटण्याचे वस्तुतः कारण नाही. व्याधी सुखसाध्य, कृच्छ्रसाध्य की याप्य, हा विचार केल्यावाचून आपण चिकित्सेस हातच घालत नाही. पंचकर्मात तर काळाची गणना शास्त्रानेच करून ठेवली आहे. विरेचनाचे उदाहरण घेऊ. स्नेहपान तीन ते सात दिवस, त्यानंतर विश्रामकालात अभ्यंग-स्वेदन तीन दिवस, शोधनाचा एक दिवस आणि शुद्धीच्या मानाने संसर्जनक्रम तीन, पाच वा सात दिवस. ही बेरीज दहा दिवसांपासून अठरा दिवसांपर्यंत जाते. कार्यालयातील अधिकाऱ्यास मात्र विरेचन म्हणजे एका दिवसाचा जुलाब वाटतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही, कारण त्याला कोणी सांगितलेलेच नसते.

बस्तीच्या बाबतीत चरकाचार्यांनी बस्तीस जितका काळ लागला त्याच्या दुप्पट परिहारकाल सांगितला आहे. आमच्या रुग्णाचे आठ अधिक सोळा, असे चोवीस दिवस त्यातूनच आले होते. परिहारकालात वर्ज्य सांगितलेल्या गोष्टी पाहाव्यात : अतिकाळ बसणे, अतिकाळ उभे राहणे, फार बोलणे, वाहनातून प्रवास, वेगरोध. ज्याला रोज बसने ये-जा करून दिवसभर टेबलापाशी बसावे लागते, त्याच्या दिनचर्येचेच हे वर्णन नव्हे काय? एवढे एका वाक्यात लिहिले असते, तर तो पगार वाचण्याची पुष्कळ शक्यता होती.

तथापि दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. प्रत्येक परिहारकाल म्हणजे पूर्ण रजाच, असे नव्हे. कार्यालय घराजवळ असेल, काम हलके असेल आणि रुग्णाचे बल उत्तम असेल, तर लवकर रुजू होण्यास हरकत नसते. तेथे ग्रंथातील आकडा न लिहिता समोरच्या रुग्णास पाहून लिहावे. तसेच केवळ ‘पंचकर्म’ असे लिहू नये. कोणत्या व्याधीसाठी, हे सांगितले नाही तर वाचणाऱ्यास ती हौसेची सुट्टी वाटते.

दाखला कसा असावा?

आम्ही आता पुढील धर्तीवर दाखला देतो :

“रुग्णाची मी दि. … रोजी स्वतः तपासणी केली. त्यांस गृध्रसी (सायटिका) हा विकार असून बसणे व प्रवास यांनी वेदना वाढते. दि. … ते दि. … (८ दिवस) बस्तिचिकित्सा आणि त्यानंतर दि. … ते दि. … (१६ दिवस) बैठे काम व वाहनप्रवास वर्ज्य करून विश्रांती आवश्यक आहे. एकूण संभाव्य कालावधी २४ दिवस. पुनर्तपासणी दि. … रोजी.”

त्याखाली सही, पूर्ण नाव, पदवी, नोंदणी क्रमांक आणि दिनांक असावा. शास्त्रीय व्याधिनामाशेजारी प्रचलित नाव द्यावे. त्याने शास्त्राचा मान कमी होत नाही आणि वाचणाऱ्याचा संशय मात्र कमी होतो. चिकित्सा आरंभतानाच दाखला द्यावा, म्हणजे दुसरे मत घ्यायचे झाल्यास लक्षणे असतानाच ते घेता येते. दाखल्यांची स्वतंत्र नोंदवही ठेवून तीत अनुक्रमांक, तपासणीतील निष्कर्ष आणि रुग्णाची सही घ्यावी. रुग्णाची गुपिते बाहेर न नेण्याचा दंडक चरकसंहितेच्या विमानस्थानात आहे. त्यास अनुसरून दाखल्यात काय लिहिले जाणार, हे रुग्णास आधी सांगावे आणि आवश्यक त्याहून अधिक लिहू नये.

रुजू होताना

वैद्यकीय रजेवरून परत येताना योग्यतेचा दाखला लागतो. रजेचा शेवटचा दिवस उजाडला म्हणून तो देऊ नये, तपासून द्यावा. दशविध परीक्षेत व्यायामशक्ती आहे आणि ती कर्मशक्तीवरून परीक्षावी असे आचार्य सांगतात. लिपिकाचे कर्म आणि बंदोबस्तावरील पोलिसाचे कर्म एक नव्हे. ज्वरमुक्त झालेल्यानेही बल येईपर्यंत व्यायाम व चंक्रमण टाळावे, असे ज्वरचिकित्सेत सांगितले आहे. मैदानावर धावणाऱ्या शिपायास याचा अर्थ वेगळा आणि टेबलापाशी बसणाऱ्यास वेगळा. रजा वाढवावयाची असेल, तर मुदत संपण्यापूर्वीच तपासून तसे लिहून द्यावे.

मागील तारखेचा मोह

हा विषय टाळून चालणार नाही. लग्नसराईत, शेतीच्या हंगामात, बदलीचा हुकूम निघाल्यावर ओळखीचे लोक येतात. “वैद्यबुवा, मागच्या सोमवारपासूनचा एक दाखला द्या,” असे म्हणतात. नाही म्हणताना जीभ अडखळते, हा आमचाही अनुभव आहे. पण खोटा दाखला देणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २३४ खाली गुन्हा आहे. कायद्याहून मोठी गोष्ट अशी की, असा एक दाखला उघडकीस आला की त्यानंतर येणाऱ्या खऱ्या रुग्णांच्या दाखल्यांकडेही कार्यालय संशयाने पाहते. खोट्याचा दंड खऱ्याला भरावा लागतो.

फार्मसीचालक बंधूंनाही एक विनंती. दाखल्यासोबत औषधांची देयके जोडली जातात. देयकावर खरी तारीख, औषधाचे पूर्ण नाव, परिमाण व बॅच क्रमांक असावा. मागील तारखेचे देयक देऊ नये. देयक मार्चचे आणि त्यावरील बॅचचे उत्पादन एप्रिलचे, अशी विसंगती तपासणाऱ्याच्या नजरेतून सुटत नाही. त्यात विक्रेता, वैद्य आणि रुग्ण असे तिघेही अडकतात.

आमचे ते लिपिक गृहस्थ गेल्या वर्षी कन्येस घेऊन पुन्हा आले होते. मागील प्रसंगाचा त्यांनी उल्लेख केला नाही, आमच्या मात्र मनातून तो गेला नव्हता. तिची तपासणी झाल्यावर आम्ही न मागता विचारले, “शाळेसाठी वा कार्यालयासाठी काही लिहून हवे आहे का?” ते हसले आणि म्हणाले, “या वेळी दिवस मोजून लिहा.”

आपण सर्वांनीच दिवस मोजून लिहावे, एवढीच प्रार्थना.