कव्हरावरचा अनाम हात

धम्मचक्र प्रवर्तन दिनाला आम्ही सेवाग्रामहून गाडीने दीक्षाभूमीला जायचो, परतताना भीमगीतांच्या कॅसेट आणायचो. तळहाताएवढे ते कव्हर! मध्ये निळ्या कोटातले बाबासाहेब, कोपऱ्यात गायकाचा फोटो, आणि अक्षरे अशी की स्टॉलवरच्या गर्दीतूनही वाचावीत. प्रल्हाद शिंदे हे नाव ठळक, गीतकाराचे बारीक. चित्रकाराचे मात्र आमच्या पेटीतल्या एकाही कव्हरावर नाही.

सेवाग्रामलाच १९४४ पासून कला शिकवणाऱ्या देवीप्रसाद यांच्या कामाचे २०१० साली दिल्लीत प्रदर्शन भरले, त्यावर पुस्तक निघाले. योग्यच झाले. पण आमच्या चित्रकारांचे काय?

प्रल्हाददादा २००४ साली गेले, पुढे कॅसेटही गेली. आवाज मोबाईलवर मिळतो, कव्हर नाही. वाचकहो, जुनी कव्हरे रद्दीत घालू नका. मागे कधी छापखान्याचे नाव असते; शोध तिथूनच लागेल.