पथदिव्यांचे बिल आणि अंधारातला बाजार

गावात दिवा जळतो तोपर्यंत पावती कोणाच्या नावाने फाटते, याची चौकशी दुकानदार करीत नाही. दिवा विझला की मात्र पहिला फटका त्यालाच बसतो. सायंकाळचे गिऱ्हाईक लवकर घरी जाते आणि शटर तासभर आधी खाली ओढावे लागते.

२०२१ च्या जून-जुलैमध्ये राज्यातील अनेक गावांनी हे भोगले. ग्रामपंचायतींच्या पथदिव्यांची बिले पूर्वी राज्य शासन जिल्हा परिषदेमार्फत भरीत असे. बिल एकाच्या नावाचे, पैसा दुसऱ्याचा; त्यामुळे आकडा तपासण्याची सवय कोणालाच लागली नाही. थकबाकी साचली, तिच्यावर विलंब आकार व व्याज चढले आणि महावितरणने वीज तोडली. मग जून २०२१ मध्ये ग्रामविकास विभागाने ही बिले पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतून भरण्यास ग्रामपंचायतींना सांगितले. वाशीमच्या सहाही तालुक्यांना हाच आदेश लागू होता. गावाच्या विकासाचा पैसा जुन्या बिलात का जावा, असे म्हणत सरपंचांनी विरोध केला. ग्रामविकास खाते हसन मुश्रीफ यांच्याकडे आणि ऊर्जा खाते नितीन राऊत यांच्याकडे होते. दोन्ही खाती एकाच मंत्रिमंडळाची, अंधार मात्र गावाच्या वाट्याला!

सरपंचांची तक्रार रास्त होती. पण बिल चुकीचे आहे असे नुसते म्हणून भागत नाही, ते दाखवावे लागते. हिशेब सोपा आहे. ४० वॅटचा दिवा रात्री ११ तास जळला तर महिन्याला सुमारे १३ युनिट लागतात. असे ५० दिवे म्हणजे साधारण ६६० युनिट. बिलावर याच्या दुप्पट आकडा असेल तर मीटर तपासून घ्यावे. मीटरच नसेल तर ते लेखी मागावे.

२००३ च्या वीज कायद्याने मार्गही दिला आहे. कलम ५६ प्रमाणे पुरवठा तोडण्यापूर्वी पूर्ण १५ दिवसांची लेखी नोटीस लागते. वाद असल्यास मागितलेली रक्कम किंवा मागील सहा महिन्यांची सरासरी, यांपैकी जी कमी असेल ती निषेध नोंदवून भरली तर वाद मिटेपर्यंत वीज तोडता येत नाही. पुढे ग्राहक तक्रार निवारण मंच आणि त्यावर विद्युत लोकपाल आहे. हे न करता बिल फाईलला लावून ठेवणे म्हणजे व्याजाला आमंत्रण.

व्यापारी बांधवांनी एवढे तरी करावे. ग्रामसभेत तीन प्रश्न विचारावेत: या महिन्याचे युनिट किती, मीटर चालू आहे काय, हरकत लेखी दिली काय? कर आपण भरतो, तेव्हा हिशेब मागण्यात संकोच कसला?