इंजिनाच्या कपाळीचा दिवा

इंग्लंडातील डिझेल इंजिनांच्या कपाळी 1960 च्या सुमारास चार अक्षरांची उजळ पाटी आली. आरंभीचा 1 दिसला की जलद उतारूगाडी, हे सिग्नलवाल्याने दुरूनच जाणावे. 1976 साली ती पद्धत बंद पडली, तरी छोट्या नमुन्यांवर ती पेटविण्याचा नाद मात्र टिकून आहे. मुंबईच्या लोकलवरील अक्षरेही त्याच कुळीची. आकुर्डी स्थानकावर लोणावळ्याची लोकल पाहून येणाऱ्या रावेतच्या मुलांस हा नाद जरूर लावावा. पुण्यात कोथरूडास भाऊसाहेब जोशी यांच्या छंदातून 1998 साली उभे राहिलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालयही आहेच.

अडचण एकच. साध्या खेळण्यात गाडी व दिवा दोघांसही रुळांतूनच वीज मिळते. गाडी थांबली की दिवाही विझतो! वस्तुतः थांबलेली गाडीच अधिक दिसावयास हवी. डिजिटल पद्धतीत रुळांत वीज अखंड खेळते आणि इंजिनातील चिमुकले यंत्र हुकुमाबरहुकूम दिवा निराळा पेटविते. हा खर्च आम्हांस सार्थ वाटतो. दिव्याशी रोधक जोडावाच. नाहीतर तो तत्काळ जळतो. शिवाय टपास आतून काळा रंग द्यावा, म्हणजे प्रकाश पाटीतूनच बाहेर पडेल, साऱ्या इंजिनातून झिरपणार नाही.